शेंडीवाला हमिंगबर्ड बघायला कुठे जावं?

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त बोगोटात असते. जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. वय चौसष्ट, गुडघे ठीक. फक्त कोलंबियातच दिसणारे एक-दोन डोंगरी पक्षी बघायचे आहेत. कुठे जावं? फोनवर आवाज लावून पक्षी बोलावले तर चालतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सांता मार्ताच्या डोंगरात अशा जाती जास्त आहेत, पण तिथला रस्ता हाडं खिळखिळी करतो. तुम्ही मनिसालेसला जा. हे शहरच 2150 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईहून पाचशे मीटर उंच. दोन दिवस तिथेच रुळा आणि जवळच्या रिओ ब्लांको राखीव जंगलात फिरा. धुकं, शेवाळ, बांबूच्या जाळ्या. तिथे ब्राऊन-बँडेड अँटपिटा राहतो : तपकिरी, लंबूटांग, शेपूट जेमतेम. एरवी नुसता आवाज देतो, दिसत नाही. पण रखवालदार सकाळी ठरलेल्या जागी गांडुळं टाकतात आणि स्वारी टुणटुणत बाहेर येते. ही युक्ती इक्वेडोरच्या आंखेल पास या शेतकऱ्यामुळे गाजली.

फोन खिशातच ठेवा. तो आवाज ऐकून पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला. चरणं सोडून तो भांडायला येतो आणि समोर कोणीच नसतं. गांडुळांचा प्रकारही मला पुरता पटत नाही, पण निदान त्याच्या पोटात काही पडतं.

मग एका पहाटे वाटाड्या घेऊन नेवादो देल रुइसकडे चढा. 1985मध्ये आर्मेरो गाव गाडणारा ज्वालामुखी तो हाच; अजून धुमसतो, म्हणून रस्ता उघडा आहे ना, हे आदल्या दिवशी विचारा. झाडी संपली की पारामो सुरू होतो : गवत, वारा आणि लोकरी पानांचे फ्रायलेहोन. वाळलेली पानंही ते खोडाभोवती पांघरून ठेवतात, थंडीसाठी. बफी हेल्मेटक्रेस्ट हा शेंडीवाला हमिंगबर्ड इथलाच. नराला शेंडी आणि दाढी दोन्ही! पूर्वी हेल्मेटक्रेस्टची एकच जात मानत, आता चार मानतात. त्यातली ही फक्त याच डोंगररांगेतली. विरळ, गार हवेत फडफडत तरंगणं महाग पडतं, म्हणून हा बराचदा फुलावर बसूनच मध पितो. तुम्हीही पळापळ करू नका; फुललेला फ्रायलेहोन गाठून थांबा. उंचीमुळे डोकं दुखायला लागलं तर पक्षी दिसो न दिसो, लगेच खाली उतरा. झोपायला मनिसालेसच बरं.