काकांना आधी सांग, मग जा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपयोजित कलेचं शिक्षण संपवून तू गावातल्या ऐंशी वर्षं जुन्या छापखान्यात तीन महिन्यांसाठी शिकायला गेलीस आणि सहा महिने राहिलीस. तिथल्या ७२ वर्षांच्या जुळारी, म्हणजे कंपोझिटर, काकांनी तुला शेजारी उभं करून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकवलं. आता पुण्यात नोकरी लागली आहे, एक तारखेला हजर व्हायचंय. आणि गेल्या आठवड्यात केसेसबद्दल, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्यांबद्दल, काका मालकांना म्हणाले, "पोरगी आहे आता, केसेस भंगारात नाही जायच्या." तू मान खाली घालून ऐकलंस. मी गेले तर तो दगा ठरेल का, असं विचारतेस.

नाही ठरणार. नोकरीला जा. छापखाना ठेवायचा की विकायचा हे मालक ठरवतील. सहा महिने बिनपगारी राबलेल्या मुलीवर ते ओझं टाकायचा हक्क कुणालाच नाही, काकांच्या मायेलाही नाही.

आपल्याकडे ही विद्या वाढली तीच शिकून बाहेर पडलेल्यांमुळे. गणपत कृष्णाजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले, बाहेर पडले आणि १८३१ साली शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापून, मराठी पंचांग काढलं. जावजी दादाजीही त्याच मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायला होते. पुढे आणखी छापखाने पाहिले, १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. जिथे शिकले तिथेच ते थांबले असते, तर निर्णयसागरची ती सुबक अक्षरं घराघरातल्या पोथ्यांत उमटली नसती.

तरी तुझा जीव तुटतो आहे तो उगाच नाही. माझे वडील जुळारी होते. ऑफसेट छपाई आणि संगणक आले तसा त्यांचा छापखाना बंद पडला, आणि खिळे किलोवर विकले गेले. पोत्यात भरताना शिशाचा जो आवाज होतो तो मी ऐकला आहे. बाबा त्यानंतर बरेच दिवस जेवताना बोटांनी ताटाच्या कडेवर काहीतरी जुळवत असायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्या नादात. कुठल्या खणात काय होतं, एवढंसुद्धा मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. तुझ्याजवळ अजून वीस दिवस आहेत, म्हणून हे सांगते.

केसचा नकाशा काढ. मोठ्या कागदावर, प्रत्येक खण, त्यातलं अक्षर. इंग्रजीचं दोन केसेसवर भागतं. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, उकार यांचे खिळे निराळे, म्हणून केसेस वाढतात आणि त्यांची मांडणी जुळाऱ्याच्या हाताला पाठ असते. एखादं जोडाक्षर संपलं तर काका काय करतात, ते विचार. 'क्ष' मोडला तर? कुठला खण रिकामा आहे आणि कधीपासून? मोबाइल त्यांच्या हातांवर रोखून ठेव, स्टिकमध्ये, त्या हातातल्या ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटी अक्षरं डावीकडून उजवीकडे कशी भरत जातात, ओळ घट्ट बसवायला मध्ये काय सारतात, ते सगळं येऊ दे. छापून झाल्यावर जुळवलेला मजकूर सुटा करून खिळे परत खणात टाकतानाचा भाग गाळू नकोस. ते काम कंटाळवाणं म्हणून तू पत्रात एका ओळीत उरकलंस, पण काकांची बोटं न बघता योग्य खणाशी जातात ती तिथेच दिसतात. मालकांची परवानगी मात्र आधी घे.

हे सगळं सुरू करायच्या आधी काकांना सांग. शेवटच्या दिवशी नाही, फोनवर तर मुळीच नाही. दुपारी ट्रेडल, ते छपाईचं यंत्र, थांबलेलं असतं, चहा येतो, तेव्हा. सरळ म्हण, "काका, मला पुण्यात काम मिळालंय, मी जातेय. छापखाना सांभाळणं मला जमणार नाही. पण तुमच्या हातातलं मला लिहून ठेवायचंय, मला शिकवाल?" ते गप्प होतील. कदाचित एक-दोन दिवस बोलणार नाहीत. तू रोजच्या वेळेला जात राहा.

"दर रविवारी येईन" असं भरात बोलू नकोस. दिवाळीला गावी येशील तेव्हा दोन दिवस छापखान्यात बसशील, एवढं जमणार असेल तर तेवढंच कबूल कर. म्हातारी माणसं तारीख लक्षात ठेवून दाराकडे बघत बसतात गं.

मालकांशीही वेगळं बोल. केसेस विकायची वेळ आली तर आधी मला कळवा, एवढीच विनंती. तुझ्या कॉलेजला एखादी केस आणि ते ट्रेडल हवं आहे का, हे तू आत्ताच विचारून ठेवू शकतेस.

तुझी,
मावशी

ता. क. खिळ्यांत शिसं असतं. जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात धुतेस ना? नखंही घासून. काकांनाही धुवायला लाव, ते नुसतं फडक्याला पुसत असतील.