टच बंद पडलेला फोन भंगारात द्यावा का?

प्रश्न : जुन्या अँड्रॉइड फोनची काच फुटली. दिसतं, पण टच चालत नाही. सिम काढून भंगारवाल्याला दिला तर चालेल?

उत्तर : एवढ्यावर देऊ नका. फोटो, चॅट, आधारचे स्कॅन सिमवर नसतात, मदरबोर्डवरच्या मेमरी चिपमध्ये असतात. कुणी नवी स्क्रीन बसवली की फोन पुन्हा चालू लागतो आणि हे सगळं त्याच्या हाती लागू शकतं.

तुमचं काम ओटीजी ॲडॉप्टर (फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू लावायचा छोटा जोड) आणि साध्या यूएसबी माउसने बहुधा होईल. माउस जोडला की पडद्यावर बाण दिसतो. आधी हवं ते उतरवून घ्या, गूगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करणं. मेमरी कार्ड वेगळं काढून ठेवा, रीसेटमध्ये ते सहसा पुसलं जात नाही.

अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन आलेल्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टेडच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. रीसेटने ती डिजिटल किल्ली नष्ट होते, उरलेलं वाचता येत नाही. अँड्रॉइड 5 वा त्याआधीचा असेल तर सेटिंग्जमधून आधी एन्क्रिप्शन चालू करा, नाहीतर पुसलेल्या फायली परत काढता येतात.

हातोडा मात्र अजिबात नको! लिथियम बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते. फोन नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या.