निबंध कुणी लिहिला, हे कसं ओळखायचं?

प्रश्न : सर, मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. एम.ए.च्या मुलांचे निबंध हल्ली एकाच साच्यातून काढल्यासारखे येतात. विभागात दोन तट पडलेत. काहींना एआयवर बंदी हवी आहे, काहींना एआयचा मजकूर पकडणारं सॉफ्टवेअर. तुम्ही काय कराल?
– एक प्राध्यापिका

उत्तर : सॉफ्टवेअर घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच २०२३च्या जानेवारीत असं साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याला यंत्राने लिहिलेला जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला. जुलैत ते बंद झालं. अशाच एका साधनावर विसंबून मी एका मुलीला केबिनमध्ये बोलावलं होतं. तिने काही न बोलता कच्च्या खर्ड्यांची वही टेबलावर ठेवली. खाडाखोड, बाणांच्या खुणा, समासातले प्रश्न. मी तिची माफी मागितली.

त्या वहीनेच मला वाट दाखवली. आता मी शंभरातले चाळीस गुण निबंधाला देतो, उरलेले खर्ड्यांना आणि दहा मिनिटांच्या तोंडी चर्चेला. तीस मुलं म्हणजे पाच तास जातात. पण ‘हा मुद्दा आधी वेगळा होता, का बदललास?’ एवढं विचारलं की कुणी किती विचार केलाय ते कळतं.

बंदीही नकोच, यंत्र उघडपणे वर्गात आणा. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने आत्महत्येवर केलेल्या अभ्यासाबद्दल आम्ही चॅटबॉटला संदर्भ मागितले. सहा मिळाले. मुलं ग्रंथालयात गेली, तर त्यातले दोन अस्तित्वातच नव्हते! ते यंत्र कॅटलॉग बघत नाही, शोभेलसा पुढचा शब्द जुळवत जातं, हे त्या दिवशी मुलांना जितकं पटलं तितकं माझ्या व्याख्यानांनी कधी पटलं नव्हतं.

संशोधनात भाषा सुधारायला, कोडमधली चूक शोधायला खुशाल वापरा. मुलाखतींच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. लोकांनी संमती तुमच्या अभ्यासाला दिलेली असते. त्यांचं बोलणं सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकायला नव्हे. परीक्षणासाठी आलेल्या अप्रकाशित लेखांचंही तेच. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०२३मध्येच परीक्षकांना संशोधन-प्रस्ताव तपासताना ही साधनं वापरायला मनाई केली.

पुढच्या सत्रापासून प्रत्येक गृहपाठावर एआय कुठे चालेल आणि कुठे नाही, ते स्पष्ट लिहून द्या. सगळ्या विभागाचं एकमत होईपर्यंत थांबू नका.