पहिल्यांदाच सरपंच झालेल्या महिलेने कारभार शिकायची सुरुवात कुठून करावी?

रोकड वहीपासून, म्हणजे नमुना ५ पासून करा, आणि डिजिटल सहीचं डोंगल (पंचायतीचे पैसे ऑनलाइन देताना लागणारी पेनड्राइव्हसारखी वस्तू) कुणाच्याही, अगदी घरच्यांच्याही हाती देऊ नका. महाराष्ट्रात पंचायतींत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण सरपंचांच्या प्रशिक्षणांत मी पाहते, ज्या ताईंना जमाखर्च वाचता येतो त्यांचंच मासिक सभेत ऐकलं जातं. दर महिन्याला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) पासबुक मागवून वहीशी ताळा करा, न समजलेल्या खर्चाचं प्रमाणक (व्हाउचर) मागा. ग्रामसभेआधीची महिला सभा तर अजिबात टाळू नका, पाण्याचे खरे प्रश्न तिथेच निघतात. मात्र अविश्वास ठरावाची कुजबुज असेल, तर वहीआधी सदस्यांना भेटा.