दाऊ म्हणजे 'तू'च, 'आपण' नाही

तुमचा प्रश्न आहे की 'दाऊ' (thou) हा जुना इंग्लिश शब्द वाक्यात कसा वापरायचा, मुलीला होमवर्कला आलाय आणि टीचरनी वहीत अर्थ दिलाय 'आपण (आदरार्थी)'. मी इथे फारसं लिहीत नाही पण तो कंस वाचला आणि राहवलं नाही. टीचर चुकल्यात. दाऊ म्हणजे तू. एकेरी तू, आईला, मैत्रिणीला, धाकट्या भावाला म्हणतो तो.

वापरायचं कसं ते आधी उरकते. कर्ता असेल तर दाऊ, 'तुला' म्हणायचं असेल तर दी (thee), 'तुझं' म्हणजे दाय (thy), आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर दाइन (thine), म्हणजे दाय नेम पण दाइन आय (eye, तुझा डोळा). क्रियापद बदलतं, शेवटी स्ट लागतं, दाऊ हॅस्ट, दाऊ नोएस्ट, आणि काहींना नुसता ट लागतो, दाऊ आर्ट, दाऊ शॅल्ट, दाऊ विल्ट. मराठी माणसाला हे अवघड जायला नको, आपण 'तू' म्हटलं की शेवटी स लावतोच की, तू आहेस, तू जातोस, तू केलंस. शब्दसुद्धा लांबचा नाही, आपलं तू, संस्कृतचं त्वम् आणि त्यांचं दाऊ एकाच मुळातून आलेत. एक चूक सगळे करतात, दाऊच्या पुढे 'हॅथ' किंवा 'लव्हेथ' लिहितात. ते एथ वालं रूप तो-ती साठी आहे, दाऊसाठी नाही.

आता माझं सांगते. आमची शाळा मिशनची, रोज सकाळी मैदानात 'अवर फादर हू आर्ट इन हेवन' म्हणायचो, अर्ध्या वर्गाला वाटायचं आर्ट म्हणजे चित्रकला. हे आर्ट म्हणजे त्याच दाऊचं क्रियापद हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. नववीच्या सहामाहीला इंग्लिशच्या पेपरात बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातली ओळ आली, 'फॉर दाऊ आर्ट विथ मी', मराठीत अर्थ लिहा. मी लिहिलं, कारण तू माझ्यासोबत आहेस. पेपर परत मिळाला तर 'तू' वर लाल गोल आणि शेजारी सरांच्या तिरक्या अक्षरात 'आपण आहात', दोन मार्क कट. मार्कांचं जाऊ दे, पण सरांनी मला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, देवाला अरेतुरे करतेस, घरी हेच शिकवलंय का? मी खाली बघत उभी राहिले, बाकावर कर्कटकाने कोरलेलं बदामाचं चित्र होतं तेवढं आठवतंय.

घरी आले तर आजी वाती वळत बसली होती, मांडीवर कापूस, बोटांना राख. तिला इंग्लिशचं अक्षर येत नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं तर ती हात न थांबवता म्हणाली, "देवाला तुम्ही कशाला म्हणायचं गं, तो काय तहसीलदार आहे?" आणि खरंच, ती रोज विठोबाला अरे विठ्ठला, तू बघतोयस ना, असंच म्हणायची. आपले संत बहुतेक तसेच बोललेत, तुकोबा तर भांडलेत त्याच्याशी. त्याच शाळेत दर शुक्रवारी मराठी प्रार्थना असायची, 'तुझे नाव पवित्र मानले जावो', तुझे! सरांच्या तोंडावर हे म्हणायला हवं होतं, पण चौदाव्या वर्षी हे सुचत नाही.

पुढे एमएला इंग्लिश घेतलं ते बरंचसं याच रागातून. तिथे कळलं की इंग्लिशमध्ये आधी दाऊ एकासाठी आणि यू अनेकांसाठी होतं, मग फ्रेंचांच्या वळणाने मोठ्या माणसाला यू म्हणायला लागले, आपल्या तुम्हीसारखं, आणि दाऊ राहिलं जवळच्यांना, नोकरांना, आणि देवाला. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला म्हणाला, आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर, म्हणजे मी तुला 'तू'च म्हणतो, गद्दारा. आपल्या भाषेत, एकेरीवर आला. दाऊ आदरार्थी असतं तर ही शिवी झाली असती का? पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक धर्म म्हणून सगळ्यांना सरसकट दाऊ म्हणायला लागले, न्यायाधीशांनासुद्धा, तर त्यांनी त्यासाठी मार खाल्ला. आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्लिश भाषांतरात, देवालाही दाऊ आणि सैतानालाही दाऊच, कारण तिथे एकाला दाऊ आणि अनेकांना ये किंवा यू एवढाच हिशोब आहे, आदराचा संबंधच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सर भेटले. पाया पडले आणि मग हे सगळं सांगितलं, कोकसकट. ते म्हणाले, अगं आमच्या गाईडमध्ये तसंच दिलं होतं. बास, एवढंच. गाईडमध्ये चूक असू शकते हे मला मान्य आहे, राग आहे तो 'घरी हेच शिकवलंय का' चा. चौदा वर्षांच्या पोरीला व्याकरण शिकवा, तिच्या घरापर्यंत जायचं कारण नाही.

हां, एक गोष्ट टीचरच्या बाजूने सांगायला हवी. बोलण्यातून दाऊ गेलं आणि प्रार्थनेत, कवितेत उरलं, त्यामुळे आज इंग्रज माणसाच्या कानालाही ते भारदस्त लागतं. गैरसमज तिथून आलाय. यॉर्कशायरकडे अजून जुनी माणसं एकमेकांना 'दा' म्हणतात, त्यात भारदस्त काही नाही, घरचंच बोलणं. आणि मुलीने हे पत्रात किंवा निबंधात वापरू नये, फक्त विचारलं तिथेच.

वहीत ही वाक्यं चालतील: दाऊ आर्ट माय फ्रेंड. आय सी दी. व्हॉट इज दाय नेम? समोर मराठी अर्थ तू, तुला, तुझं असाच लिहू दे. टीचरनी खोडलं तर बोलायला मुलीला एकटीला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. माझ्या वेळी कुणी गेलं नव्हतं.