वाचक विचारतात : वाटपाची वही आणि कायद्याचं कलम

सरकारी धोरणांत न्यायाचा आग्रह धरायचा, तर ख्रिस्ती नागरिकांनी नेमकं करायचं काय, असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमची मंडळी (चर्च) दर महिन्याला गरजू कुटुंबांना धान्य देते. देणं हे आपलं काम, कायदे सरकारने बघावेत. यात उगाच कशाला पडायचं?

धान्य देणं थांबवू नका. फक्त वाटपाच्या टेबलावर एक वही ठेवा. तिच्यात कुणाचंही नाव नको. चार रकाने पुरेत : तारीख, घरात माणसं किती, या महिन्यात कशामुळे कमी पडलं, आणि ते कोणाच्या हातात होतं. तिसऱ्या रकान्यात ‘गरिबी’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘मजुरी दोन महिने थकली’, ‘पेन्शन पत्त्याच्या कागदावरून अडली’, ‘औषधांवर पैसे गेले’ असं लिहा. सहा महिन्यांनी वही चाळली की एखादं कारण पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं. तुमचा धोरणाचा विषय तोच.

चौथ्या रकान्यापाशी बहुतेक जण अडखळतात, आणि खरी चूकही तिथेच होते. पत्त्याच्या कागदाची अट बहुतेक वेळा संसदेच्या कायद्यात नसते, खात्याच्या नियमात किंवा परिपत्रकात असते. ती बदलणारा माणूस खात्यात बसलेला असतो. अशा वेळी खासदाराकडे नवा कायदा मागत राहिलात, तर वर्ष वाया जातं. थकलेल्या मजुरीचं उलट आहे. कायदा बहुधा असतोच, पण तपासणी करायला निरीक्षक नसतात. मग मागणी कायद्याची नको, भरतीची आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतुदीची हवी.

राहिला ‘कशाला पडायचं’ हा प्रश्न. बायबलमधल्या यशया १०:१-२ मध्ये धिक्कार आहे तो अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांचा. हात आखडून देणाऱ्यांचा तिथे विषयही नाही.

प्रश्न : लोकप्रतिनिधीला पत्र लिहायचं आहे. किती मोठं, कसं? नमुना मिळेल का?

उत्तम नमुना बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात आहे. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) दाराशी उभ्या राहतात. समोर मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी, म्हणजे निर्णय घेणारे आणि तो ऐकणारे दोघेही हजर. त्यांचं बोलणं चारच गोष्टींचं आहे. आमचा बाप रानात मेला आणि त्याला मुलगा नव्हता, ही वस्तुस्थिती. तो मोशेविरुद्धच्या कोरहाच्या बंडात नव्हता, हे विरोधक काढतील त्या मुद्द्याचं आधीच दिलेलं उत्तर. मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसावं, हा प्रचलित नियमातला दोष. आणि बापाच्या भावांबरोबर आम्हाला वतन द्या, ही मागणी. रडगाणं नाही, भाषण नाही. निकाल लागला तो फक्त त्या पाच जणींपुरता नव्हता, सगळ्यांसाठी नियम झाला.

तुमचं पत्रही याच क्रमाने लिहा. एक पान, साधारण तीनशे शब्द. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, त्यांच्याच मतदारसंघात राहता का, आणि कोणत्या विधेयकाच्या किंवा नियमाच्या कोणत्या कलमाबद्दल लिहिता आहात. मग वहीतली एक नोंद आणि एक आकडा. मग विरोधात जो सर्वांत सबळ मुद्दा येऊ शकतो त्याला दोन ओळींचं उत्तर. बहुतेक वेळा तो मुद्दा ‘पैसा कुठून आणणार’ हाच असतो. शेवटी ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल अशी एकच मागणी. ‘गरिबांकडे लक्ष द्यावे’ ही मागणी नव्हे, तिला कोणीही हो म्हणेल आणि काहीही करणार नाही. ‘कलम अमुकमधली ही अट वगळण्याच्या दुरुस्तीला पाठिंबा द्याल का?’ ही मागणी.

पत्रं फसतात ती बहुधा भाषेमुळे नाही, तारखेमुळे. विधेयक समितीपुढे असताना शब्द बदलता येतो. अंतिम मतदानाच्या आदल्या दिवशी फार तर मत बदलता येतं, आणि तेही क्वचित. अंदाजपत्रक मांडलं गेल्यावर नवी तरतूद मागणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. खात्यांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होत असतात, पत्र तेव्हा पोचायला हवं.

छापील मजकुराखाली सह्या गोळा करून पाठवणंही सोडा. कार्यालयात तसल्या शंभर पत्रांची एक नोंद होते. अमेरिकेत आर्थर सायमन या लुथेरन पाळकांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संस्था भूक आणि अन्नधोरणावर काम करते. तिची रीत उचलण्यासारखी आहे. विषय आणि मागणी एकच ठरते, पण प्रत्येक जण आपल्या शब्दांत पत्र लिहितो. तिथे ही पत्रं उपासनेत अर्पण म्हणून पुढे आणतात, त्यांवर प्रार्थना होते आणि मग ती टपालात पडतात (भारतातल्या कायद्याची अडचण पुढे पाहा).

प्रश्न : आम्ही पत्र पाठवलं. ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. पुढे?

हे उत्तर आलं की आधी आपलं पत्र पुन्हा वाचा. बऱ्याचदा त्यात हो-नाहीचा प्रश्नच नसतो. तो घाला आणि भेट मागा.

भेटीला चार जण पुरे. वीस जण गेले की सभा होते, बोलणं होत नाही. एकाने ओळख करून द्यायची आणि मागणी सांगायची. दुसऱ्याने, शक्यतो ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्यानेच, तीन मिनिटांत घडलेलं सांगायचं. तिसऱ्याने आकडे आणि कलम सांभाळायचं. चौथ्याने गप्प बसून लिहायचं, हे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं. वेळ वीस मिनिटांची धरा, मिळतील दहा, म्हणून मागणी पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाका. प्रतिनिधीऐवजी त्यांचे सहायक भेटले तर हिरमुसू नका. फाईल तेच वाचतात.

माहीत नसलेलं विचारलं गेलं तर ‘बघून कळवतो’ म्हणा, आणि खरंच दोन दिवसांत कळवा. त्याच दिवशी एक छोटं आभाराचं पत्र जायला हवं. त्यात त्यांनी काय कबूल केलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पुढच्या भेटीत हाच कागद कामाला येतो.

आणखी एक. ज्याची कहाणी सांगायची त्याची आधी परवानगी घ्या, आणि ती नंतर कुठे छापली जाईल तेही त्याला सांगा. मंडळीतल्या गरीब माणसाला दाखवण्याची वस्तू करून न्याय मागता येत नाही.

प्रश्न : पत्रात वचनं घालावीत का?

एखादं चालेल, तेही तुम्ही कोण आहात हे सांगण्यापुरतं. पाच वचनं घातलीत की समोरच्याला पळवाट मिळते : ‘हा धर्माचा प्रश्न आहे, सरकारचा नाही.’ कायदा सर्वांसाठी असतो, म्हणून कारणही सर्वांना पटेल असंच द्यावं लागतं. वचन तुम्हाला दारापर्यंत आणतं. आत गेल्यावर कलमाचं बोला.

प्रश्न : चर्चने असं काही केलं तर नोंदणी रद्द होईल, अशी भीती आमच्या कमिटीला वाटते. कायद्यात काय आहे?

भीती अगदीच निराधार नाही, पण पक्ष आणि धोरण यांतला फरक बहुतेक देशांचे कायदे करतात. अमेरिकेत १९५४ पासून करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेला उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. एखाद्या विधेयकाबद्दल बोलता येतं, मात्र तो संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. कॅनडाने २०१८ मध्ये कायदा बदलला. आता धर्मादाय संस्था आपल्या उद्देशाला धरून धोरणावर हवं तितकं काम करू शकतात, पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध मात्र अजूनही वर्ज्य आहे.

भारतात रेषा जास्त कडक आहे, आणि ती कमिट्यांना बहुधा ठाऊक नसते. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणाऱ्या १९८८च्या कायद्याने संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरायलाच मनाई केली आहे, आणि त्यातल्या ‘राजकीय कार्या’च्या व्याख्येत पक्षाच्या प्रचाराबरोबर राजकीय स्वरूपाचे प्रश्नही येतात. तेव्हा बैठक चर्चच्या सभागृहात न घेता बाहेरच्या जागेत घ्या, खर्च दानपेटीतून नको, आणि पत्रं मंडळीच्या शिक्क्याऐवजी नागरिक म्हणून आपापल्या नावाने पाठवा. पत्र नागरिकाचं असलं की त्याचं वजन कमी होत नाही. उलट ते मतदाराचं पत्र होतं.

प्रश्न : मूठभर विश्वासणाऱ्यांनी खरंच काही बदललं, असं एखादं उदाहरण सांगाल? गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स सोडून!

कॅनडाचं घ्या. ‘कमिटी फॉर जस्टिस अँड लिबर्टी’ हा तिथला ख्रिस्ती नागरिकांचा छोटा गट, आजच्या ‘सिटिझन्स फॉर पब्लिक जस्टिस’चा पूर्वावतार. १९७०च्या दशकात आर्क्टिकमधला वायू दक्षिणेत आणण्यासाठी मॅकेंझी नदीच्या खोऱ्यातून मोठी पाइपलाइन टाकायचं चाललं होतं. खोरं तिथल्या मूळ रहिवाशांचं, आणि जमिनीवरच्या त्यांच्या हक्कांचा निकाल लागलेला नव्हता. परवाना द्यायचा की नाही हे राष्ट्रीय ऊर्जा मंडळ ठरवणार होतं. त्या मंडळाचे अध्यक्ष मार्शल क्रो याआधी एका सरकारी महामंडळाचे प्रमुख असताना, अर्ज करणाऱ्या कंपन्यांच्याच अभ्यासगटात बसलेले होते.

गटाने मुद्दा उचलला तो एवढाच. पाइपलाइन चांगली की वाईट हा वाद न्यायालयात घातलाच नाही. ज्याने अर्जाच्या तयारीत भाग घेतला, तो अर्जाचा निवाडा करायला बसू शकतो का, इतकंच विचारलं. ग्राहक संघटना आणि आर्क्टिकच्या साधनसंपत्तीवर काम करणारी एक समिती, यांना बरोबर घेतलं. मार्च १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पक्षपाताची वाजवी शंका येते एवढं पुरे, प्रत्यक्ष पक्षपात सिद्ध करायची गरज नाही. क्रो बाजूला झाले आणि सुनावणी नव्या सदस्यांपुढे पहिल्यापासून सुरू झाली. पुढच्या वर्षी, याच पाइपलाइनच्या परिणामांसाठी सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांच्या चौकशीचा अहवाल आला. खोऱ्यातलं काम हक्कांच्या निवाड्यासाठी दहा वर्षं थांबवावं, अशी शिफारस त्यात होती.

बर्जर यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन माणसांचं ऐकलं, त्याचं श्रेय या गटाला देणं बरोबर नाही. गटाने केलं ते फार बारीक काम : न्याय करणाऱ्या खुर्चीवर कोण बसलंय ते पाहिलं.

प्रश्न : मागणी मान्य झाली, कायदाही झाला. आता गट बंद करावा का?

नको. गणना ३६ वाचा. त्या पाच मुलींना वतनाचा हक्क मिळाल्यावर कुळातले प्रमुख हरकत घेऊन आले, आणि त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट लागली. मग यहोशवा १७ मध्ये त्याच मुली पुन्हा एलाजार आणि मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यांच्यापुढे जाऊन, आम्हाला द्यायचं ठरलं होतं, याची आठवण करून देतात. आज्ञा होती, जमीन हातात नव्हती.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी १८३३च्या कायद्याने संपली म्हणतात. त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना दिली, राबलेल्यांना एक पैसाही नाही, आणि ‘उमेदवारी’च्या (काम शिकण्याच्या) नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं.

अलीकडचं म्हणाल तर लेवीय २५ मधल्या योबेल वर्षावरून (त्या पन्नासाव्या वर्षी गमावलेली जमीन परत मिळे, गुलाम सुटत) नाव घेतलेली ‘ज्युबिली २०००’ ही गरीब देशांच्या कर्जमाफीची मोहीम. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला जी-८ या आठ बड्या देशांच्या परिषदेभोवती हजारो लोकांनी मानवी साखळी केली, आणि पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफी वाढली. पण माफी सरकारं आणि जागतिक संस्था देत होत्या. झांबियाचं एक जुनं कर्ज एका खासगी फंडाने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि पुढे लंडनच्या न्यायालयात ५.५ कोटी डॉलर मागितले. २००७ मध्ये त्याला सुमारे १.५ कोटी मंजूर झाले. अशा दाव्यांना चाप लावणारा कायदा ब्रिटनच्या संसदेत २०१० मध्ये झाला, तोही कार्यकर्ते मागे लागून राहिले म्हणून.

तेव्हा कायदा मंजूर झाला की वहीत नवं पान उघडा. नियम कधी प्रसिद्ध झाले, तरतूद किती, त्यातली खर्च किती झाली, आणि वाटपाच्या टेबलावर येणाऱ्यांच्या तिसऱ्या रकान्यात ते जुनं कारण अजून येतंय का. येत असेल, तर अडलंय ते नियमात, पैशात की खिडकीवरच्या माणसात, हे शोधा आणि पुढचं पत्र त्याला लिहा.

प्रश्न : आमच्या गटात दोन पक्षांचे लोक आहेत. सारखे वाद होतात.

छान आहे की. पक्षाचं नाव बैठकीत घ्यायचं नाही असं ठरवा आणि कलमावर वाद होऊ द्या. दोन्ही पक्षांच्या मतदारांच्या सह्या एकाच पत्राखाली आल्या, तर ते पत्र कार्यालयात लवकर उघडलं जातं.