कापसाचा बोळा खिशात टाका आणि मग बास गिटार पाहायला जा

वाचकांचे प्रश्न : वाद्य आणि वादक

प्रश्न : आमची भीमगीतांची पार्टी आहे, एप्रिल महिना तर रोज कुठं ना कुठं कार्यक्रम असतोच. आठ वर्षांपासून मी वीस हजाराचाच बास वाजवून राहिलो. यंदा तूर बरी झाली, मोठ्या भावानंही थोडा हात लावतो म्हटलं, म्हणून दोन-अडीच लाखापर्यंत जायची तयारी आहे. मागे मुंबईला गेलो होतो तर दुकानात एक भारी बास दहा मिनिटं वाजवून पाहिला, अगदी लोण्यासारखा लागला, आणि घरी येऊन माझा धरला तर विहिरीचा दोर ओढल्यासारखं वाटलं. हे पैशाचं असते का मले भुलवलं? परत जाणं एकदाच जमते, तर नेमकं काय पाहू? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, भुलवलं कोणी नाही, पण तुम्ही जे तपासून आलात ते त्या बासचं नव्हतंच, त्या दुकानातल्या सेटिंगचं होतं. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो, तारेची लांबी, तिचं वजन आणि ती कोणत्या सुरात लावली ते. तुमच्या वीस हजाराच्या बासच्या तारेची लांबी बहुतेक ३४ इंचच असेल, कारण अमेरिकेच्या लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन बास काढला तेव्हापासून बहुतेक सगळे त्याच मापावर चालून राहिले, लाखाचा असो की हजाराचा. म्हणजे त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर ताण दोन्हीवर सारखाच, तिथं पैसा काही करत नाही. दुकानात चाळीस-शंभरचा सेट असेल (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), तुमच्याकडं पंचेचाळीस-एकशे पाचचा, तेवढ्यानंच तिथली जाड तार दहाएक टक्के ढिली लागते. वरून त्यांनी ॲक्शन, म्हणजे दांडीवरून तारेची उंची, खाली आणून ठेवली असणार, तुमचा आठ वर्षांत कोणी पाहिला तरी का?

म्हणून आधी घरच्या बासवर शंभर टक्के मेहनत करा. नव्या तारा लावा, सुरात लावा, मग एका हातानं पहिल्या फ्रेटवर (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) आणि दुसऱ्यानं सतराव्यावर जाड तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहा, एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जावं इतकी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास असली म्हणजे नेक, म्हणजे दांडी, बरोबर आहे. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा घट्ट करायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत पाहायचं, घाई केली तर रॉडची चावी गुळगुळीत होऊन बसते आणि मग रडायची पाळी. नेक झाला की ब्रिजवरून (बुडाशी तारा टेकतात ती जागा) तारेची उंची, सतराव्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या जवळपास आणा. एवढं केल्यावर तुमचा दोर निम्मा हलका होईल. मग मुंबईला जा.

आता तिथं काय पाहायचं. जे पान्यानं बदलता येते त्याच्याकडं पाहूच नका. पान्यानं बदलत नाही तेवढंच तपासा, पैसे त्याचेच द्यायचे आहेत.

फ्रेटचं काम पहिलं. घरून कापसाचा एक बोळा घेऊन जा, सरकीसकट असला तरी चालेल, तुमच्याकडं काही कमी नाही. नेकच्या कडेनं तो हलक्या हातानं वरून खालपर्यंत ओढायचा, पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत, मग परत उलट्या बाजूनं. तंतू अडकला म्हणजे त्या फ्रेटचं टोक नीट घासलेलं नाही. बोटाला कळत नाही ते कापसाला कळते. दुकानदार हसेल, हसू द्या. दोन-अडीच लाखाच्या बासला एकही तंतू अडकायला नको. हे सांगून राहिलो कारण मी स्वतः असा फसलो आहे, पावसाळ्यात एका मोठ्या शहरातून बास आणला, तेव्हा हात फिरवला तर रेशीम, आणि मे महिन्यात घरात पारा पंचेचाळीसवर गेला तर फ्रेटची टोकं तुरीच्या खुंटांसारखी बाहेर आली, कार्यक्रम संपेपर्यंत तळहातावर ओरखडे. लाकूड वाळून आकसते, धातू आकसत नाही, एवढाच मामला. चांगल्या वाळवलेल्या लाकडात हे कमी होते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते कोणालाच सुटत नाही, म्हणून बास केसमध्येच ठेवायचा, सोबत ओलावा टिकवणारी पुडी टाकायची, आणि बोलेरोच्या मागच्या सीटवर तर दुपारी चुकूनही नाही. पावसाळ्यात उलटं, नेक ओल धरून बहुतेक पुढं वाकतो, तारा वर येतात, तेव्हा घाबरू नका, तो पान्याचा विषय आहे.

दुसरं म्हणजे मेलेले स्वर. ॲम्प बंद ठेवा, बासचं वरचं शिंग हनुवटीच्या हाडाला टेकवा आणि प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून स्वर सुटू द्या. फेंडरसारख्या बासमध्ये बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो, नेक स्वतःच त्या कंपनाला खाऊन टाकतो. हे सेटिंगनं जात नाही, नेकच्या टोकाला, हेडस्टॉकला, वजन लावलं तर फार तर बाजूच्या फ्रेटवर सरकते. तुमच्या गाण्यांत तो स्वर रोज लागत असेल तर कितीही भारी नाव असलं तरी तो बास तुमचा नाही.

तिसरं म्हणजे खांद्याचा पट्टा. आपला पट्टा घेऊन जा, दुकानातल्या स्टूलावर बसून सगळेच बास गोड लागतात. उभं राहा, डावा हात सोडा. नेक जमिनीकडं पडला तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात वाजवायचं सोडून नेक धरायचं काम करेल. वजन साडेतीन-चार किलो ठीक, पाचच्या जवळ गेलं तर माझ्या मते नकोच, मग लाकूड कितीही सुंदर असो. अर्धा तास उभ्यानंच वाजवा, दुकानदार चहा पाजेपर्यंत थांबतच असतो.

नेकची रुंदी ही आवडीची गोष्ट आहे. फेंडरच्याच जॅझ बासचा नट (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) ३८ मिलिमीटरचा, प्रिसिजनचा ४१च्या वर, पाहायला फरक किरकोळ, हाताला मोठा. आठ वर्षं जे धरलं त्याच्या जवळपासचं घ्या. आणि नेक मागून चकचकीत असेल तर आपल्या एप्रिलच्या घामात अंगठा चिकटते, साधी मॅट पॉलिश बरी.

बनवणाऱ्यांच्या नावांचं विचाराल तर रॉजर सादोव्स्कीनं १९७९ ला न्यूयॉर्कमध्ये दुकान मांडलं आणि १९८३ ला ब्रुकलिनमध्ये फोडेरा आले, त्यांचे बास वेगळ्याच दर्जाचे, पण ते कित्येक लाखांत जातात आणि त्या पैशातला मोठा वाटा हाताच्या कामाचा असतो. तुमच्या बजेटमध्येही हेच काम चांगलं मिळते, फक्त शोधायला लागते.

प्रश्न : पाच तारेचा घ्यावा का? सगळे म्हणतात भारी बास म्हटलं की पाच तारच. (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सगळे म्हणोत. ती जास्तीची सगळ्यात जाड तार ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते, मंडपातले बहुतेक स्पीकरचे डबे तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, ऐकू येतो तो तिचा वरचा स्वर. घ्यायचाच असेल तर फक्त ती एक तार तपासा, पाचव्या फ्रेटवर दाबून तिच्या शेजारच्या तारेच्या मोकळ्या स्वराशी ताडून पाहा, दोन्ही सारख्याच घट्ट आणि स्पष्ट लागल्या पाहिजेत. एक चिखलात रुतल्यासारखी लागत असेल तर सोडा. याचसाठी काही लोक ३५ इंचाचा बास करतात, आणि कॅनडाचं डिंगवॉल तर जाड तारेला ३७ इंच देऊन फ्रेट पंख्यासारखे तिरपे बसवते. पण लांबी वाढली की पहिल्या फ्रेटवर बोटंही लांबवावी लागतात, हात लहान असेल तर खांदा दुखेल.

प्रश्न : नवा भारी बास घेतला, दुकानात शांत होता, गावात लावला की सतत हूं हूं करते. बदलून मागू का? (एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : थांबा बाप्पा, आधी घराचं अर्थिंग पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा, म्हणून ते हूं हूं गाण्यातच मिसळल्यासारखं वाटते. जॅझसारखे दोन पिकअप (तारांखालचे, त्यांचं कंपन पकडणारे चुंबकाचे डबे) असतील तर दोन्हीचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा, आजच्या बहुतेक बासांत दोघं मिळून आवाज मारून टाकतात. एकच उघडा असला की हूं येणारच, तो दोष नव्हे. तरीही आला तर तारेला बोट लावून पाहा, बोट लावल्यावर कमी होत असेल तर त्या पिकअपला चांगलं शिल्डिंग (बाहेरच्या विजेचा आवाज अडवणारं आवरण) हवं, आणि बोट लावूनही तसाच राहिला तर मीटरजवळचा तो गंजलेला खिळा आणि त्याला गुंडाळलेली तार एकदा वायरमनला दाखवा, आणि तोवर ओल्या पायानं वाजवू नका.